म्हणे, पुढच्या महिन्यात निकाल!

आमच्या कचेरीत एक गृहस्थ नेमाने येतात. निवृत्त शिक्षक, साठी उलटलेली, डोक्यावर काळी टोपी, हातात कापडी पिशवी. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात त्यांनी हिंडलग्याच्या तुरुंगाची हवा खाल्ली आहे. एके दिवशी त्यांनी खुर्ची पुढे ओढली, दाराकडे एकवार पाहिले आणि आवाज खाली आणून सांगितले, "संपादकसाहेब, निकाल लिहून तयार आहे. दिल्लीत कपाटात कुलूपबंद पडला आहे. पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत बाहेर पडणार. बेळगाव आपले!" पंधरा तारीख आली आणि गेली. सोळाव्या दिवशी गृहस्थ पुन्हा हजर! आम्हाला वाटले, बिचारे ओशाळले असतील. ओशाळणे दूरच, चेहऱ्यावर पूर्वीपेक्षा अधिक तेज! "पाहिलेत? बातमी फुटल्याचे त्यांना कळले. म्हणून ऐनवेळी कागद मागे घेतला. मागे घेतला म्हणजे कागद होता, हे सिद्ध झाले की नाही?"

या युक्तिवादापुढे आमची लेखणी क्षणभर थिजली. जे घडले नाही तेच घडणार होते याचा पुरावा! न्यायशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात न सापडणारे हे अनुमान आज आपल्या गल्लीबोळांतून, वाचनालयांच्या पायऱ्यांवरून आणि गणेशोत्सवाच्या मंडपांतून बिनदिक्कत फिरते आहे. त्याला हसून मोकळे होणारे शहाणे पुष्कळ आहेत. आम्ही हसणार नाही. कारण हे गृहस्थ मूर्ख नाहीत. घरचा हिशेब ते पैपैशाने ठेवतात, भाजीवाल्याच्या तराजूवर त्यांची नजर असते आणि कोणी दुप्पट व्याजाची थाप मारली तर त्याला ते दारातून हाकलतील. मग राजकारणात शिरताच हा चोख तराजू कुठे गहाळ होतो? भाकीत दहादा खोटे ठरूनही अकराव्या भाकितासाठी तोच माणूस कान टवकारून का बसतो?

मराठी माणसाला हे कोडे नवे नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. वार्ता पुण्यास आल्या. पण ज्या घरातला कर्ता पुरुष परमुलखात पडतो त्या घराला नुसती वार्ता पुरत नाही. पार्वतीबाईंनी कुंकू पुसले नाही. १७८३ साली त्यांनी देह ठेवला तोवर बावीस वर्षे त्या सौभाग्यवती म्हणूनच जगल्या. या न संपलेल्या शोकाच्या दारात एक कनोजी ब्राह्मण येऊन उभा राहिला आणि म्हणाला, मीच भाऊ! थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत त्याची पुण्यात चौकशी झाली, तो तोतया ठरला, बंदीत पडला. प्रकरण तिथेच संपावयास हवे होते. पण १७७६ साली रत्नागिरीचा अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे याने त्याच कैद्याला बाहेर काढले, भाऊसाहेब म्हणून मिरवले आणि पाहता पाहता कोकणातले किल्ले, माणसे आणि पैसा त्याच्या पायाशी गोळा होऊ लागला. हजारोंची फौज उभी राहिली. महादजी शिंद्यांना त्याच्यावर चालून जावे लागले. तो पळाला, आंग्र्यांच्या हाती लागला, पुण्यात पुन्हा चौकशी झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला देहान्त शासन मिळाले. साहित्यसम्राट केळकरांना या बंडावर नाटक रचावेसे वाटले, यात नवल नाही.

येथे क्षणभर थांबून विचार करा. हा मनुष्य तोतया आहे, हे दहा वर्षांपूर्वीच ठरून गेले होते. तरीही माणसे त्याच्यामागे का धावली? नारायणरावांचा खून होऊन तीनच वर्षे झाली होती, गादीवर दोन वर्षांचे मूल होते, राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला गेले होते आणि कारभाऱ्यांवर सर्वांचाच विश्वास होता असे नाही. अशा वेळी पराक्रमी भाऊ परत आला, तो सारे सरळ करील, ही कल्पना कोणाला गोड वाटणार नाही? शोक करणाऱ्यांना तो हवा होता, असंतुष्टांना तो सोयीचा होता आणि परांजप्यासारख्यांना तो किफायतीचा होता. तोतया खरा असण्याची गरजच उरली नव्हती!

हीच कथा आपल्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत चालत आली. १८ ऑगस्ट १९४५ रोजी फोर्मोसातील तैहोकू येथे विमान कोसळले आणि त्या अपघातात नेताजी सुभाषचंद्र बोस निवर्तले, असे जपानने जाहीर केले. देशाने ते मानले नाही. आम्ही म्हणतो, त्या घटकेला ते न मानण्यात काडीचीही चूक नव्हती! जानेवारी १९४१ मध्ये याच पुरुषाने कलकत्त्यात पोलिसांच्या पहाऱ्यातून, वेश पालटून पेशावरची वाट धरली होती. मार्च १९४२ मध्ये त्यांच्या विमान अपघाती मृत्यूची वार्ता जगभर पसरली, गांधीजींनी त्यांच्या मातोश्रींना सांत्वनाची तार धाडली, आणि काही दिवसांतच नभोवाणीवरून सुभाषबाबूंचा खणखणीत आवाज आला. एकदा मेलेला माणूस असा बोलू लागल्यावर दुसऱ्यांदा तो मेला यावर कोण पटकन विश्वास ठेवील? खुद्द गांधीजींनीही, सुभाष जिवंत आहे असे आपले मन सांगते, असे उद्गार काढले होते. पुढे १९४६ साली त्यांनी आपले म्हणणे मागे घेतले. महात्म्याची पहिली वाणी लोकांच्या ध्यानात राहिली. दुसरी कोणाच्या ध्यानात आहे?

येथवर श्रद्धा होती. यापुढे तारखा आणि वेश सुरू झाले. १९५६ च्या शाहनवाज समितीने मृत्यू मान्य केला. पण समितीचेच सभासद आणि नेताजींचे वडीलबंधू सुरेशचंद्र बोस यांनी भिन्नमत नोंदवले. साठीच्या आरंभी कूचबिहारकडील शौलमारी आश्रमातला साधू म्हणजेच नेताजी, अशी आवई उठली. आश्रमातून इन्कार आला. भक्त म्हणाले, इन्कार करणारच, अजून वेळ आलेली नाही. १९६४ साली नेहरूंच्या पार्थिवाशेजारी उभ्या असलेल्या एका भिक्षूच्या छायाचित्रात लोकांना नेताजी दिसले. तो भिक्षू कंबोडियाचा निघाला. १९७४ मध्ये खोसला आयोगाने विमान अपघात खरा ठरवला. लोक म्हणाले, सरकारी आयोग! त्यानंतरच्याच २३ जानेवारीला, म्हणजे १९७५ साली, कानपूरच्या फुलबागेत नेताजी प्रकट होणार म्हणून सभा भरली. एका बाबांनी 'मीच तो' म्हणताच सभा उधळली गेली. १९८५ साली फैजाबादेत एक निनावी बाबा वारले आणि श्रद्धा शौलमारीहून उठून शरयूकाठी मुक्कामाला आली. २०१६ मध्ये नेमलेल्या न्या. विष्णू सहाय आयोगाने हे बाबा म्हणजे नेताजी नव्हेत, असे सांगितले. त्याने कोणाचे मत बदलले, ते शोधून काढावे लागेल. २३ जानेवारी १८९७ चा ज्यांचा जन्म, त्यांना सव्वाशे वर्षे उलटून गेली तरी कुजबुज विझलेली नाही.

पण या साऱ्याला केवळ भाबडेपणा म्हणणाऱ्यांनी दुसरी बाजूही ऐकून घ्यावी. २०१५ साली गुप्त कागद बाहेर आले तेव्हा काय दिसले? स्वतंत्र भारताच्या गुप्तहेर खात्याने बोस कुटुंबावर १९४८ पासून १९६८ पर्यंत, तब्बल वीस वर्षे, पाळत ठेवली होती! त्यांची पत्रे फोडून वाचली जात होती. १९९९ च्या मुखर्जी आयोगाने, विमान अपघातात मृत्यू झालाच नाही आणि रेंकोजी मंदिरातल्या अस्थी नेताजींच्या नव्हेत, असा निष्कर्ष २००५ साली दिला. सरकारने तो २००६ मध्ये नाकारला आणि तो का नाकारला याचा समाधानकारक खुलासा दिला नाही. जे सरकार सत्तर वर्षे फायलींवर बसून राहते त्याने जनतेला अफवाप्रिय म्हणून दूषणे देऊ नयेत. तोतये आकाशातून पडत नाहीत. लोकांना न मिळालेल्या उत्तरांच्या ओलाव्यात ते उगवतात. मात्र एक गोष्ट ध्यानी घ्या. हेच मुखर्जी आयोगाचे न्यायमूर्ती, नेताजी आता हयात नाहीत, असेही त्याच अहवालात सांगून गेले. भक्तांनी अहवालाचे सोयीचे पान तेवढे फाडून खिशात घातले!

शिक्षणाने हा रोग जातो, असे ज्यांना वाटते त्यांनी अमेरिकेकडे पाहावे. २८ ऑक्टोबर २०१७ रोजी 'क्यू' या एका अक्षराआड दडलेल्या लेखकाने जाहीर केले की, हिलरी क्लिंटन यांना दोन दिवसांत अटक होणार. तीस तारीख उजाडली, मावळली, बाई घरीच! पंथ मोडावयाचा तो वाढला. २० जानेवारी २०२१ ला नव्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीप्रसंगीच सैन्य साऱ्या कटवाल्यांना पकडणार होते. शपथविधी निर्विघ्न पार पडला. मग तारीख निघाली ४ मार्चची, का तर जुन्या काळी शपथविधी त्या दिवशी होत असे! चंद्रावर माणूस उतरवणारा देश तो हाच. तेथील फेस्टिंगर नामक मानसशास्त्रज्ञाने, योगायोगाने आपल्या कपाळी म्हैसूर राज्य आले त्याच १९५६ साली, प्रलयाची तारीख हुकलेल्या एका मंडळीवर ग्रंथ लिहिला आणि भाकीत फसल्यावर माणसे उलट अधिक जोमाने प्रचार करतात, असे मांडले. त्याच्या माणसांनी आपली खरी ओळख लपवून त्या मंडळीत शिरकाव केला होता, त्यामुळे त्याच्या निरीक्षणावर आक्षेप आहेत आणि ते आम्हाला रास्त वाटतात. शिवाय सगळेच टिकून राहत नाहीत. कित्येक जण निमूटपणे घरी जातात आणि त्यांचा हिशेब कोणी ठेवत नाही. जे राहतात त्यांचा प्रश्न आहे.

जे राहतात ते का राहतात? आमचे उत्तर आम्हाला ग्रंथातून नव्हे, त्या काळ्या टोपीच्या गृहस्थांकडून मिळाले. आम्ही त्यांना विचारले, "गुरुजी, मनापासून सांगा, तुम्हाला खरोखर वाटते, कपाटात कागद आहे?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नसेल तर मी कशासाठी तुरुंगात गेलो?"

वाचकहो, सारी गोम या एका वाक्यात आहे. ज्याने काहीच दिले नाही तो आजचे मत उद्या टाकून देऊ शकतो. ज्याने नोकरी, बढती, तारुण्य, भाऊबंदांचे प्रेम एका आशेपायी दिले त्याला ती आशा टाकणे म्हणजे आपले आयुष्यच खोटे होते अशी कबुली देणे वाटते. म्हणून तो तारीख बदलतो, आशा बदलत नाही. आणि भोवताली चार माणसे तीच तारीख मोजत असली म्हणजे ते एक घर होते. त्या घरातून शंका काढणारा माणूस एकाकी रस्त्यावर येतो, हे त्याला पक्के ठाऊक असते. आणखी एक सुख या श्रद्धेत दडलेले आहे, ते सांगताना आम्हाला वाईट वाटते. सारे काही पडद्याआड ठरत असेल तर पडद्यापुढे आपण करावयाचे असे काहीच उरत नाही! कट जितका अजस्र, तितकी आपली सुटी मोठी.

आता आपल्याकडे पाहा. दिल्लीत सारे ठरले आहे, ही पहिली वार्ता. मुंबईने आपल्याला कधीच विकले, ही दुसरी. समितीतला अमुक फुटला म्हणून तारीख हुकली, ही तिसरी आणि सर्वांत विषारी. दर वेळी तारीख हुकली की एका निष्ठावंताच्या कपाळी फितुरीचा डाग लागतो. २०१८ च्या विधानसभा निवडणुकीत समितीचा एकही उमेदवार निवडून आला नाही. २०२३ मध्येही तेच. निकालानंतर काय ऐकू आले? यंत्रे फिरवली, थैल्या फिरल्या, वरून आदेश आला. परंतु २०१८ मध्ये समितीच्याच दोन गटांनी एकमेकांसमोर उमेदवार उभे केले होते, हे कोणत्या गुप्त कटात ठरले? ते तर भिंतीवर रंगवलेले होते! २०१३ साली निवडून आणलेल्या दोन जागाही आपण आपल्या हाताने घालवल्या आणि कटवाला शोधीत आपण रात्री जागवल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

आपल्यावरील अन्यायाला कटाची गरज लागली नाही, हे आपण केव्हा ओळखणार? तो दिवसाढवळ्या, छापील कागदावर, शिक्क्यानिशी झालेला आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी अमलात आलेला राज्यपुनर्रचनेचा कायदा कपाटात नाही, कोणत्याही वकिलाच्या फळीवर आहे. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या ही तत्त्वे पाटसकरांनी आंध्र-मद्रास सीमेसाठी लावली आणि संसदेने त्या निवाड्यावर कायदा केला. तोच न्याय आपल्याला मात्र नाकारला गेला. २५ ऑक्टोबर १९६६ रोजी नेमलेल्या महाजन आयोगाने २६४ खेडी महाराष्ट्राला देऊ केली, २४७ म्हैसूरला देऊ केली आणि बेळगाव शहर, जेथे १९५१ च्या जनगणनेत मराठी भाषिकांचे बहुमत होते, ते म्हैसुरातच ठेवले. खेडे हा घटक मानावयाचा नाही, पण खेडी मात्र शेकड्यांनी वाटावयाची! ही विसंगती त्या अहवालातच छापलेली आहे. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. वीस वर्षे उलटून गेली तेव्हाही त्याचा निकाल लागलेला नव्हता. दावा चालू असतानाच हलग्याजवळच्या माळावर कर्नाटकाचे विधानभवन उभे राहिले आणि ११ ऑक्टोबर २०१२ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे उद्घाटनही झाले. २०१४ च्या १ नोव्हेंबरला, आपल्या काळ्या दिनालाच, शहराचे नाव सरकारी कागदांवर 'बेळगावी' झाले. यातले काय रात्रीच्या अंधारात घडले? कुजबुजीत रमलेल्या माणसाला उघड्या डोळ्यांसमोरचे हे दरोडे दिसेनासे होतात, आणि प्रतिपक्षाला याहून स्वस्त पहारेकरी कोठून मिळणार?

या दोषातून आम्ही स्वतःला वगळत नाही. हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही आमच्याच पत्राच्या जुन्या फायली काढून बसलो. 'सीमालढा निर्णायक टप्प्यावर', 'निकाल हाकेच्या अंतरावर', 'येत्या अधिवेशनात सोक्षमोक्ष' ही शीर्षके आम्ही दिली आहेत, मोठ्या टायपात दिली आहेत आणि एकाही वेळी नंतर 'आमचे अनुमान चुकले' असे चार ओळींचे स्फुटसुद्धा छापलेले नाही. मोजता मोजता आम्हीच फाईल मिटली. गुरुजींच्या कपाटातला कागद दिल्लीत तयार झाला नाही. त्याचा बराचसा भाग आमच्या छापखान्यात जुळवला गेला. लोकांचे धैर्य टिकावे म्हणून केले, ही सबब आम्ही स्वतःला देऊन पाहिली. परांजप्यानेही रत्नागिरीच्या किल्ल्यात काही अशीच सबब स्वतःला दिली असेल.

आणि लोकांचे धैर्य तारखांवर टिकले, असे तरी कोठे दिसते? १७ जानेवारी १९५६ रोजी बेळगावात गोळीबारात जे पडले, त्यांना कोणी तारीख दिली नव्हती. १९६६ साली सेनापती बापट सीमाप्रश्नासाठी उपोषणाला बसले ते पुढच्या महिन्यात निकाल आहे या खात्रीने नव्हे. उलट दर हुकलेल्या तारखेबरोबर आपल्यातला एक तरुण निमूटपणे आपल्या मुलाचे नाव दुसऱ्या माध्यमाच्या शाळेत घालून येतो. तो सभेत येऊन तसे सांगत नाही. त्याची मोजदाद कोणी केली आहे?

म्हणून आजपासून या पानावर निकालाची तारीख छापली जाणार नाही. न्यायालयाच्या कार्यसूचीत दिवस लागला तर तो दिवस आम्ही देऊ. कोणी कानात सांगितलेला दिवस देणार नाही. कोणाही कार्यकर्त्यावर फितुरीचा आरोप करणारे पत्र पुराव्याचा कागद जोडल्याशिवाय घेतले जाणार नाही. मग ते कितीही मोठ्या सहीचे असो. आमचे अनुमान चुकले तर ते चुकले, असे याच रकान्यात, याच टायपात छापू. महाजन अहवालातील आपल्या तालुक्यांविषयीचा भाग येत्या रविवारपासून टिपणांसह क्रमशः देत आहोत. तो रुक्ष आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

काल सायंकाळी गुरुजी आले होते. नवी तारीख घेऊनच आले होते. आम्ही ती ऐकून घेतली आणि त्यांच्यापुढे १९५६ च्या कायद्याची प्रत ठेवली. म्हैसूर राज्यात कोणकोणते तालुके घातले, ते पान उघडून दिले. त्यांनी पान हातात धरले, दूर नेऊन पाहिले, जवळ आणून पाहिले. चष्मा घरी राहिला होता. कागद त्यांनी जपून पिशवीत घातला आणि सकाळी वाचून येतो म्हणाले.